धुरपदानं आबांना हाक मारली तो दिवस

माझी धाकटी जाऊ धुरपदा लग्न होऊन आमच्या घरात आली, त्याला आता बेचाळीस वर्षं झाली. या बेचाळीस वर्षांत ती माझ्या नवऱ्याशी एकदाच बोलली. भांडण नाही, अबोला नाही. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाही, त्याचं नावही घेत नाही. तो समोर आला की पदर पुढं ओढून बाजूला होते. आता सुना मोबाईलवर सासऱ्यालाच ओरडून विचारतात, दूध घेतलं का म्हणून, आणि कोणाला काही वाटत नाही. पण धुरपदा जुन्या वळणाची.

बोलायची नाही म्हणजे सांगायची नाही, असं मात्र नव्हतं. आमचे हे ओट्यावर खाटेवर बसलेले असायचे, धुरपदा चार हातांवर खांबाकडे तोंड करून उभी राहायची आणि मला म्हणायची, "आक्का, त्यासले सांगा, बांध फुटना शे." आमच्या अहिराणीत फुटना शे म्हणजे फुटलाय.

मी मधल्यामध्ये टपालवाली. मी तोंड उघडायच्या आधीच हे म्हणायचे, "तिला सांग, ऐकलं."

धुरपदा आमच्या गावची पाटकरी आहे. हे काम काय, ते आधी सांगते, कारण आमच्या पांझरेच्या काठाबाहेर फार लोकांना ते ठाऊक नाही. नदीवर जुना दगडी बंधारा आहे. किती जुना ते कोणी सांगत नाही, माझी आजेसासू म्हणायची तिच्या आजेसासूच्याही आधीचा. तिथून पाट निघतो आणि आमच्या तीन फडांत पाणी येतं. फड म्हणजे वावरांचा मोठा पट्टा. एका फडात चाळीस जणांचे तुकडे असले तरी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. मी कांदा लावीन अन् तू कपाशी लाव, असं चालत नाही. आंब्याचा फड, मधला फड आणि टेकडीखालचा फड. दोन पिकतात, तिसरा वर्षभर विसावा घेतो. आखाजी ते आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया ते अक्षय तृतीया. विसाव्याच्या फडात पाण्याचा थेंब सोडायचा नाही, मग तिथं सरपंचाचं वावर असो की देवीचं. हे सगळं सांभाळायचं काम पाटकऱ्याचं. त्याच्या हातात फावडं. त्यानं ज्या चारीचं तोंड उघडलं तिथंच पाणी जाणार.

आधी धुरपदाचा नवरा, म्हणजे माझा दीर वना, पाटकरी होता. त्याला लकवा झाला आणि तो दोन वर्षं खाटेवर होता. तो गेला, त्या साली आखाजीला गाव नवा पाटकरी निवडायला मारुतीच्या पारावर बसलं. धुरपदा फावडं घेऊन आली आणि कडेला बसली. कोणीतरी म्हणालं, "बाईमाणूस पाटावर कसं चालेल?"

धुरपदा म्हणाली, "दोन साल तुमना वावरमा पानी कोन सोडी राहयंता? मना मालक? त्या ते खाटवर व्हतात."

खरंच, कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पाणी वेळेवर येत होतं ना, मग कोण बघतो फावडं कोणाच्या हातात आहे ते. त्या दिवसापासून धुरपदा पाटकरी. याला सतरा वर्षं झाली.

कडक किती म्हणून सांगू. फडात ऊस निघाला की एक बुडखा जमिनीत ठेवू द्यायची नाही. बुडख्यात कीड दडून बसते आणि पुढच्या पिकात उठते. सगळ्यांनी खोदून काढायचे, जाळायचे. ज्याच्या तुकड्यात बुडखा सापडेल त्याला दंड म्हणजे पाट साफ करायला एक दिवस जास्त. आणि दरवेळी तो दंड कोणाला व्हायचा? आमच्या घराला. आमचे हे मनानं चांगले, पण कामाला उद्याचा मुहूर्त फार. बाभळीजवळचा कोपरा नेहमी राहायचा. मागल्या साली तर यांनी कमालच केली. बुडखे काढायचे सोडून त्यावर बाभळीच्या काटेरी फांद्यांचा ढीग घातला. वर मला म्हणतात, "आता तुझ्या जावेला दिसायचं नाही."

दोन दिवसांनी धुरपदा खांबासमोर हजर. "आक्का, त्यासले सांगा, काटासखाल काय शे ते माले दखास."

"तिला सांग, उद्या काढतो," हे म्हणाले.

तो उद्या काही आला नाही. ते एक बरं झालं, पण ते पुढं सांगते.

त्या साली टेकडीखालच्या फडाची विसाव्याची पाळी होती. त्या फडाच्या मागं काळ्या दगडाची टेकडी आहे आणि फडाखालीही तोच दगड, पुरुषभर मातीखाली. भूपेंद्र नावाच्या ठेकेदाराची त्यावर नजर पडली. खडी रस्त्याला लागते, घराला लागते, सगळ्यांना लागते. त्यानं सुरतेला जाऊन राहिलेल्या पाच-सहा घरांचे तुकडे विकत घेतले आणि मग सबंध फडच शेतीतून काढून खाणीला द्यावा असा अर्ज केला.

हे आम्हाला कळलं ते माघ महिन्यात. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. माझी नात सारिका धुळ्याला कॉलेजात आहे, ती सुटीला आली होती. तिनं कागद वाचला आणि पारावर येऊन सांगितला. फड पडीक आहे. विहीर नाही, बोअर नाही, पाण्याची कुठलीच सोय नाही. म्हणून हा भाग खाणकामासाठी ठरवायचा आहे. कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांत द्या, साहेब स्वतः जागा बघायला येतील.

"पडीक कोण म्हणालं?" सरपंच ज्ञानेश्वर ओरडला.

सारिका खाली बघून म्हणाली, "पाहणीच्या कागदावर काकूआजीची सही आहे."

काकूआजी म्हणजे धुरपदा.

मग सगळं बाहेर आलं. दिवाळीनंतर दोन माणसं टेकडीखाली फिरत होती. त्यांनी पाटावरच्या बाईला विचारलं, या वावरात यंदा काय पिकतं? धुरपदा म्हणाली, काही नाही. त्यांनी विचारलं, पाणी? तर ही ताठ मानेनं म्हणाली, एक थेंब सोडत नाही मी. तिला वाटलं, माझं काम बघायला आलेत. गावात पाळी किती कडक पाळली जाते ते सरकारला कळू दे. मोठ्या अभिमानानं तिनं सही केली. सही करायला ती प्रौढांच्या वर्गात शिकली होती, तेव्हा गावभर दाखवून आली होती.

ती उठली आणि पाटावर गेली. दोन दिवस पाटातला गाळ काढत होती, जिथं गाळ नव्हता तिथंही. मी भाकरी घेऊन गेले तर म्हणाली, "आक्का, मना हातथीन गया."

"अजून काही गेलं नाही," मी म्हणाले. पण माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. आमचे दोन बिघे त्याच फडात आहेत. आणि एक फड गेला म्हणजे पाळीच मोडली. दोन फडांत कोण कोणाला विसावा देणार? मग बंधारा कशाला, पाट कशाला, आणि धुरपदा तरी कशाला?

साहेब यायच्या आठ दिवस आधी ग्रामसभा झाली. ज्ञानेश्वरनं तोड काढून आणली होती. "सोपं आहे. आजपासून टेकडीखाली पाणी सोडायचं. साहेब येईपर्यंत जमीन ओली, चार गवतं वर आलेली. बघू द्या डोळ्यांनी. धुरपदाबाई, उद्या सकाळी चारी उघडा."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, खोटं कशाला बोलू.

धुरपदा म्हणाली, "नही."

"नाही म्हणजे?"

"त्या फडनी पाळी नही शे."

"अहो बाई, फडच राहणार नाही तर पाळी कोणाची?"

"आंबाना फडमा गहू ओंबीवर शे. आते पानी तोडं ते दाना भरावं नही. चाळीस घरना गहू."

"एका सालाचा गहू गेला तर गेला!"

"आज तू म्हनस गया ते गया. पुढला साल आखो कोनी म्हनी. मंग मी कोनले काय सांगू?"

"तुमच्या सहीनं हे झालंय, विसरू नका," मागून कोणीतरी बोललं. बोलणारा माझ्याच भावकीतला होता, नाव नाही सांगत.

धुरपदा उठली. तिनं फावडं सभेच्या मधोमध आणून ठेवलं. "पाळी मोडनी व्हई ते मोडा. पाटकरी दुसरा दखा."

ते फावडं तिथं पडून होतं आणि चाळीस घरची माणसं त्याच्याभोवती बसून होती. कोणीही हात लावला नाही. मी बघत होते, ज्ञानेश्वरचा हात एकदा पुढं आला आणि त्यानं तो टोपीकडं नेला. शेवटी धुरपदानंच फावडं उचललं, कारण पाणी मोजायची वेळ झाली होती, आणि निघून गेली.

घरी आल्यावर मी यांना म्हणाले, "तुमची भावजय आपलं वावर घालवणार."

हे म्हणाले, "घालवू दे. पण काय बोलली!" आणि हसले. मी चुलीकडं तोंड केलं, नाहीतर मीही हसले असते.

साहेब आले ते होळीच्या चार दिवस आधी. तरुण माणूस, चेहऱ्यावरून रागीट वाटला, पण नंतर कळलं की ऊन लागत होतं. भूपेंद्र पांढरे कपडे घालून पाण्याच्या बाटल्यांचं खोकं घेऊन आला होता. सबंध गाव टेकडीखाली गोळा झालं. फड समोर पसरलेला, सारवल्यासारखा स्वच्छ. काडी नाही, बुडखा नाही, हिरवं पान नाही. सतरा वर्षं धुरपदानं लोकांच्या मागं लागून लागून ही सवय लावली होती. भूपेंद्रला यापेक्षा चांगलं काय हवं होतं?

"बघा साहेब," तो म्हणाला, "काय आहे इथं?"

धुरपदानं साहेबांना चारी दाखवली, दगडी तोंड दाखवलं, मागल्या साली इथं ऊस होता तेही सांगितलं. भूपेंद्र म्हणाला, "ही पावसाचं पाणी जायची नाली आहे साहेब. प्रत्येक गावात असते."

साहेब धुरपदाला म्हणाले, "बाई, पाटाचं पाणी इथं येतं म्हणता ना? मग सोडून दाखवा. मी थांबतो अर्धा तास."

सगळं गाव तिच्याकडं बघायला लागलं. पाट तिथून पन्नास पावलांवर भरून वाहत होता. फावड्याचे चार घाव मारले असते की पाणी साहेबांच्या बुटापाशी. ज्ञानेश्वरनं तर हात जोडले.

"नाही सोडता येणार साहेब," धुरपदा म्हणाली. साहेबांसमोर ती पुस्तकातल्यासारखी मराठी बोलत होती, शब्द शोधत शोधत. "यंदा या फडाची पाळी नाही. हे पाणी त्या गव्हाचं आहे."

"मी सांगतोय तरी?"

"तुम्ही सांगितलं तरी. तुमच्यासाठी सोडलं तर उद्या आमदार येईल, परवा याचा कोणी येईल." तिनं भूपेंद्रकडं बोट केलं. "मग मी कोणाला नाही म्हणू?"

भूपेंद्र मोठ्यानं हसला. "पाणीच नाही साहेब, सोडणार काय! म्हणे मागल्या वर्षी ऊस होता. ऊस असता तर एक तरी बुडखा दिसला असता ना? एक दाखवा, मी अर्ज मागं घेतो."

मी धुरपदाकडं बघितलं. ती सबंध फडावरून नजर फिरवत होती, आणि मला तिच्या मनातलं कळलं. तिनंच काढायला लावले होते. सगळे. एकूण एक.

मग तिची नजर बाभळीपाशी थांबली.

आमचे हे माझ्या मागं उभे होते. धुरपदा वळली. मला वाटलं ती आता नेहमीसारखं म्हणेल, आक्का, त्यासले सांगा. तिनं पदर डोक्यावर नीट केला, मला ओलांडून सरळ यांच्याकडं बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"आबा, कुदळ आना."

हे जागच्या जागी उभे. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं हाक मारली होती. दुसऱ्या क्षणी हे असे पळाले, मी लग्नातही यांना इतकं घाईत बघितलं नव्हतं. शेजारच्या खळ्यातून कुदळ आणली, दोघांनी मिळून काट्यांचा ढीग ओढला. खाली पावसाळ्यात फुटलेले बारीक कोंब वाळून उभे होते. यांनी कुदळ घातली. तिसऱ्या घावाला बुडखा वर आला, मुळांच्या जटांसकट, माझ्या डोक्याएवढा. मग दुसरा. मग तिसरा. आमच्या आळसाचं एवढं पीक मी एका जागी कधी बघितलं नव्हतं.

साहेबांनी एक बुडखा हातात घेतला, माती झटकली. "हा ऊसच आहे. पण बाकी सगळं इतकं साफ आणि इथंच कसे?"

"हा आळशाचा तुकडा आहे साहेब," धुरपदा म्हणाली. "दरवेळी दंड होतो."

"नाव काय शेतकऱ्याचं?"

धुरपदानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. जेठाचं नाव ती कशी घेणार, आणि नवऱ्याचं मी कशी घेऊ? साहेबांचा कारकून पेन धरून उभा. आम्ही दोघी मुक्या.

शेवटी हेच कुदळ टेकून म्हणाले, "लीलाधर. लिहा साहेब. आळशी तो मीच."

सगळं गाव हसलं. साहेबही हसले. मग ते पाटापर्यंत चालत गेले, आंब्याच्या फडातला गहू बघितला, बंधाऱ्यावर चढले, परत येताना धुरपदाला चार प्रश्न विचारले, पुढल्या साली विसावा कोणाला, त्याच्या पुढल्या साली कोणाला. तिनं न अडखळता सांगितलं. जीपमध्ये बसताना ते भूपेंद्रला म्हणाले, "ऊस पाण्याशिवाय होत नाही. आणि जिथं पाणीच नाही तिथं ते सोडायला कोणी मला नाही कशाला म्हणेल?"

भूपेंद्रनं अर्ज काही मागं घेतला नाही. बोलणं वेगळं आणि कागद वेगळा. पण ज्येष्ठ महिन्यात हुकूम आला. टेकडीखालचा फड शेतीतच राहील. सारिकानं तो तीन वेळा वाचून दाखवला आणि धुरपदानं तिसऱ्यांदा ऐकून विचारलं, "मनी सही आते त्या कागदवर राहिनी का खोडी टाकी?" तेवढंच तिला हवं होतं. टेकडीच्या पलीकडं, दुसऱ्या गावाच्या हद्दीत, भूपेंद्रला खाण मिळाली म्हणतात. दुपारी तिकडून सुरुंगाचा आवाज येतो. तिथं पाटावर कोणी होतं की नव्हतं, कोण जाणे.

आमच्या यांचा थाट तर विचारू नका. साक्रीच्या बाजारात, हॉटेलात, एसटीत, जो भेटेल त्याला सांगायचे, "माझ्या बुडख्यांनी फड वाचवला." दोन-तीनदा ऐकल्यावर मलाही वाटायला लागलं की यांनी ते दूरदृष्टीनंच ठेवले होते.

दिवाळी झाली. टेकडीखालच्या फडात गव्हाची पाळी आली आणि पाट साफ करायची दवंडी झाली. त्याच दिवशी सकाळी धुरपदा आमच्या ओट्यासमोर आली, पदर पुढं, तोंड खांबाकडं.

"आक्का, त्यासले सांगा. मांगला सालना दंड बाकी शे. उद्या एक दिवस जास्त."

हे खाटेवर ताडकन उठून बसले. "तिला सांग, त्याच बुडख्यांनी फड राहिला!"

"त्यासले सांगा, फड राहिना म्हनीसनच दंड शे. फड नही ते दंड कसाना?"

मग हे जरा हळू आवाजात म्हणाले, "तिला विचार, त्या दिवशी आबा म्हणून हाक कोणी मारली होती?"

धुरपदाचा पदर हलला. हसली असणार. "त्यासले सांगा, ते सरकारी काम व्हतं."

दुसऱ्या दिवशी चौऱ्याहत्तर वर्षांचा माझा नवरा फावडं घेऊन पाटात उतरला आणि सगळे घरी गेल्यावरही एकटाच गाळ काढत राहिला. मी भाकर घेऊन गेले. धुरपदा काठावर उभी होती, त्यांच्याकडं पाठ करून, पण हलली नाही तिथून. काम संपलं तेव्हा तिनं टेकडीखालच्या चारीचं तोंड उघडलं. पाणी आधी मातीवर थबकलं, मग वाट काढत निघालं, एकेका तुकड्यात शिरत. शेवटचा तुकडा आमचा, बाभळीजवळचा. कोपरा साफ होता, यांनी स्वतः खणला होता.

पाणी तिथं टेकलं तसे हे ओरडले, "तिला सांग, पोचलं!"

मी सांगायला वळले, तर धुरपदानं चारी बंद करायला आधीच फावडं उचललं होतं.